समूहस्वर आणि वार्धक्य

वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे गाव आज शहराच्या वस्तीत जवळजवळ विलीन झाले आहे. परंतु १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे तेथे मुक्कामास आले, तेव्हा ते हातावर पोट असलेल्या माणसांचे एक लहान खेडे होते, आणि त्या खेड्यातच १९३४ साली ग्रामसेवा मंडळाची स्थापना होऊन खादी, गोसेवा व चर्मोद्योग यांचा कारभार सुरू झाला. सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याच्या प्रयोगात प्रकृती क्षीण झाल्यामुळे १९३८ साली विनोबांनी तेथून जवळच्या पवनार गावी, धाम नदीच्या काठी, आपला मुक्काम हलविला. आणि त्याच ठिकाणी १९५९ च्या मार्चमध्ये त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. भगिनींनी एकत्र राहावे, एकत्र श्रम करावे, सर्वानुमतीने निर्णय घ्यावेत आणि सामूहिक साधना करावी, हा त्या स्थापनेमागील हेतू होता. ऐन तारुण्यात तेथे आलेल्या भगिनींपैकी कित्येकींचे वार्धक्य पुढे त्याच परिसरात सरले, आणि आजही तेथे वयोवृद्ध साधिकांचा वास आहे.

ही संस्था वृद्धाश्रम नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. तथापि वार्धक्यातील सहजीवन म्हणजे काय, याचा विचार करणाऱ्याने नालवाडी-पवनारच्या या परिसराकडे अवश्य पाहावे. कारण अपत्यांनी आणून सोडलेल्या, एकमेकांस अपरिचित अशा माणसांचा समुदाय येथे नाही, तर स्वेच्छेने एकत्र आलेला, एकत्रच वृद्ध झालेला आणि दिवसाचे ठरलेले प्रहर एका स्वरात घालविण्याचा शिरस्ता दशकानुदशके पाळीत आलेला समुदाय आहे. पहाटे ईशावास्योपनिषद, पूर्वाह्णी विष्णुसहस्रनामाचा पाठ, सायंकाळी गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे, असा तेथील दिनक्रम आहे. त्या पाठामागील प्रयोजन आध्यात्मिक आहे आणि ते ज्याचे त्याने जाणावे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे: अनेक वृद्ध कंठ नित्य नियमाने एका लयीत मिसळतात, तेव्हा त्या शरीरांत आणि त्या मनांत काय घडते, याविषयी शास्त्राने आजवर काय जाणले आहे?

प्रथम श्वासाचा मामला घेऊ. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनी तेवीस निरोगी प्रौढांकडून लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी परंपरेतील ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणवून घेतला, आणि त्या वेळी त्यांच्या श्वसनाची, हृदयगतीची व रक्तदाबाची नोंद केली. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की दोन्ही पठणांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहांवर येते, आणि रक्तदाबात स्वभावतःच साधारण दर दहा सेकंदांनी जी एक मंद लहर उठत असते, तिच्याशी ही गती जुळून आल्यामुळे त्या लहरी अधिक सुस्पष्ट होतात व रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते. मानेतील मोठ्या रोहिणीच्या आणि महारोहिणीच्या भित्तीत रक्ताच्या दाबाने ताणले जाणारे सूक्ष्म संवेदक असतात. दाब वाढताच ते मेंदूला वर्दी देतात आणि हृदयाची गती मंदावते, दाब घटताच याच्या उलट घडते. वयोमानाने या यंत्रणेची तत्परता उणावत जाते, आणि बिछान्यावरून एकाएकी उठल्यावर वृद्ध माणसाच्या डोळ्यांपुढे जी अंधारी येते, तिचे हे एक कारण आहे. अनुष्टुभ छंदातील श्लोकात बत्तीस अक्षरे असतात. संथ लयीत तो म्हणण्यास दहा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि एका श्वासाला एक श्लोक असे मानले तर मिनिटाला सहा श्वास हेच प्रमाण येते. हा हिशेब माझा आहे. बर्नार्डींच्या प्रयोगात संस्कृत श्लोक नव्हते. तरीही एकमेकांपासून हजारो कोसांवर वाढलेल्या दोन परंपरांनी मानवी श्वासासाठी जवळजवळ एकच माप निवडावे, ही गोष्ट मला अत्यंत विचारप्रवर्तक वाटते.

श्वास हा प्रत्येकाचा आपापला असतो. गाणे मात्र समूहाचे होते, आणि खरी मौज पुढेच आहे. ऑक्सफर्डचे मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ साली असे दाखविले, की गाणे, वाद्य वाजविणे वा नृत्य करणे यांत स्वतः सहभागी झालेल्या माणसांची वेदना सहन करण्याची मर्यादा त्यानंतर वाढलेली आढळते. केवळ संगीत ऐकत बसलेल्यांची तशी वाढत नाही. शरीरात निर्माण होणारी एंडॉर्फिन नावाची अफूसदृश द्रव्ये याच्या मुळाशी असावीत असे त्यांचे अनुमान आहे, आणि वेदनेची मर्यादा हे त्या द्रव्यांचे अप्रत्यक्ष माप होय. याच गटाने पुढे प्रौढशिक्षणाच्या वर्गांचा सात महिने अभ्यास केला. काही वर्ग गायनाचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. मुदतीच्या अखेरीस सर्वच वर्गांतील माणसे एकमेकांच्या सारखीच निकट आली होती, परंतु गायनाच्या वर्गात ही जवळीक प्रारंभीच, इतरांच्या पुष्कळ आधी उत्पन्न झाली. वृद्धनिवासात नव्याने आलेल्या माणसाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल केवढे आहे, याचा विचार करावा. ज्याचे घर सुटले, शेजार सुटला, बहुधा जोडीदारही गेला, त्याला सात महिने थांबण्यास सांगणे सोपे नाही. पहिले काही आठवडेच सर्वांत कठीण जातात, आणि ओळख करून घेण्याचे बोलणे सुचत नसताना शेजारी बसून एक धृपद म्हणणे तुलनेने सहज जमते.

वृद्धांवरील प्रत्यक्ष प्रयोगांत वॉशिंग्टन येथील जीन कोहेन यांचे काम सर्वश्रुत आहे. सरासरी ऐंशीच्या घरातील वृद्धांपैकी जे एका गायकवृंदात वर्षभर गात राहिले, त्यांच्या डॉक्टरांकडील खेपा कमी झाल्या, औषधे कमी लागली, पडण्याचे प्रसंग घटले, असे त्यांनी २००६ साली नोंदविले. पण त्यात सहभागींची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. ज्यांना गाण्याची उमेद होती ते मुळातच अधिक धडधाकट असतील, ही शंका उरतेच. म्हणून मी अधिक वजन देतो ते ज्युलीन जॉन्सन यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरातील बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रांत केलेल्या प्रयोगाला. साठीपुढील ३९० स्त्रीपुरुष त्यात होते; कोणत्या केंद्रांत गायकवृंद तात्काळ सुरू व्हावा आणि कोणत्या केंद्रांनी सहा महिने वाट पाहावी, हे यदृच्छेने ठरविले गेले होते. सहा महिन्यांनंतर गाणाऱ्या मंडळींचा एकटेपणा कमी झाला होता आणि जीवनातील रस वाढला होता. मात्र स्मरणशक्ती, बुद्धीची तीक्ष्णता, शरीराचा तोल व बळ यांत दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

हा दुसरा भाग सांगावयास मन कचरते, पण तो सांगितलाच पाहिजे. गाण्याने विस्मरण थांबते, गाण्याने मेंदू तरुण होतो, असे दावे अलीकडे सर्रास होतात, आणि त्यांच्या भरीस पडून एखादे कुटुंब औषधोपचारात हयगय करण्याचा संभव असतो. गाण्याने जे निश्चितपणे साधते ते एवढेच, की माणूस माणसात येतो. पण एवढेच म्हणजे थोडे नव्हे! जूलियन होल्ट-लंस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास व तीन लाखांहून अधिक माणसे यांचा एकत्र ताळा मांडला, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते त्यांची हयात राहण्याची शक्यता इतरांहून सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक दिसून आली. एकटेपण हे वार्धक्याचे भावनिक दुःख तर आहेच, परंतु ते शारीरिक अर्थानेही घातक आहे. आणि त्यावर ज्या थोड्या उपायांचा दाखला यादृच्छिक प्रयोगांत मिळतो, त्यांत सामुदायिक गायन हा एक आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट किंचित निराळी आहे. स्वतःच्या मुलाचे नाव न आठवणारी आजी बालपणीची ओवी सलग म्हणते, हा अनुभव अनेक घरांत आला असेल. २०१५ साली एका जर्मन गटाने मेंदूच्या प्रतिमांवरून असे दाखविले, की दीर्घ परिचयाच्या गाण्यांची स्मृती ज्या भागांशी निगडित आहे ते भाग अल्झायमर रोगात तुलनेने उशिरापर्यंत शाबूत राहतात. फिनलंडमध्ये तेप्पो सार्कामो यांनी रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे आप्त अशा ८९ जोड्या घेऊन त्यांतील काहींना दहा आठवडे गाण्याचे वा ऐकण्याचे मार्गदर्शन केले, तेव्हा प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांच्या मनःस्थितीत सुधारणा दिसली. मूळ रोग यामुळे मागे हटत नाही. परंतु रुग्ण आणि आप्त यांना एकत्र बसण्याचा एक मार्ग मोकळा राहतो.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. १९३६ साली तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला राहून गेले. आणि पुढे मोझरीच्या गुरुकुंजातून गुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे त्यांनी सामुदायिक प्रार्थनेचा आणि खंजिरी भजनांचा जो प्रसार केला, त्यामुळे विदर्भातील असंख्य खेड्यांत संध्याकाळी एकत्र बसून म्हणण्याचा रिवाज रुजला. त्याआधी साबरमतीच्या आश्रमात विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी प्रार्थनेतील भजनांना स्वरतालाची शिस्त लावली होती. सांगावयाचे ते हे, की वर्धा जिल्ह्यातील सत्तरीच्या माणसाला समूहगायन नव्याने शिकविण्याची बहुधा आवश्यकता नाही; त्याला ते येते, फक्त त्याची जागा आणि वेळ त्याच्याकडून हिरावली गेली आहे.

भजनात पाऊलही चालते, हे विसरता कामा नये. जिनीव्हा येथे आंद्रेआ त्रोम्बेत्ती यांनी पासष्टीपुढील, पडण्याचा धोका असलेल्या १३४ जणांवर केलेल्या प्रयोगात, पियानोच्या बदलत्या लयीबरोबर पावले बदलण्याचा सराव आठवड्यातून एक तास याप्रमाणे सहा महिने करविला. त्या मुदतीत सराव करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी भरले. टाळाच्या ठेक्यावर दिंडीत जी पावली घालतात, तीतही ऐकणे, तोल सांभाळणे आणि शेजाऱ्याच्या पावलाशी मेळ राखणे ही तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. पावलीवर असा प्रयोग आपल्याकडील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने हाती घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे; आणि सेवाग्रामचे महाविद्यालय त्यासाठी सर्व दृष्टींनी सोयीचे आहे.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढील भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर होती, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शंभरांत दहाच्या जवळ होते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थेची कलमे आहेत, आणि तेथे वैद्यकीय सेवेच्या जोडीला मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख आहे. व्यवहारात या साधनांचा अर्थ बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा दूरदर्शन संच एवढाच होतो. संच लावला की तजवीज झाली, दप्तरात नोंद झाली. पण ऐकणारा आणि गाणारा यांतील जो भेद डनबार यांच्या प्रयोगाने दाखविला, तोच येथे लागू पडतो. दूरदर्शनपुढे बसलेल्या वीस माणसांपैकी एकोणीस उठून गेली तरी कार्यक्रमात काही उणे होत नाही. भजनात एक टाळ कमी झाला तर कळतो, आणि टाळ वाजविणारा आज का आला नाही म्हणून कोणीतरी त्याच्या खोलीवर जाते. हजेरीची ही जाणीव, आपल्या नसण्याने काही अडते ही खात्री, हीच माझ्या मते समूहस्वराची सर्वांत मोठी देणगी आहे. आणि म्हणूनच बाहेरून कलावंत बोलावून महिन्याकाठी मैफल भरविण्यापेक्षा निवासींनी स्वतः चालविलेले, बेसूर का होईना पण रोजचे भजन मी अधिक मोलाचे मानतो.

ते चालविताना शरीराच्या काही मर्यादा ओळखाव्या लागतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, आणि उतारवयात पुरुषांचा किंचित वर चढतो; तेव्हा पेटी वाजविणाऱ्याने सवयीने धरलेली काळी चारची पट्टी सोडून खाली यावे, म्हणजे वरच्या स्वराला घाबरून ओठ मिटून बसलेल्या पुष्कळ बायका गाऊ लागतील. म्हातारपणी प्रथम उंच कंपनांचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे व्यंजने पुसट होतात आणि ध्वनिवर्धक मोठा केल्याने गोंगाट मात्र वाढतो. म्हणून सर्वांनी अर्धवर्तुळात, एकमेकांचे ओठ दिसतील असे बसावे, शब्द मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावेत, आणि पंखे शक्य तर त्या वेळेपुरते बंद करावेत. ज्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही त्याला श्रोत्यांत न बसविता त्याच्या हाती खंजिरी द्यावी. चामड्याचे कंपन तळहाताला कळते आणि शेजाऱ्याच्या हाताची चाल डोळ्यांना दिसते, एवढ्यावर ठेका धरता येतो.