कर्जावरची गाडी पुरात गेली, तर हप्ते कोण भरणार?

22 जुलै 2021. सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं. घरं-दुकानांसोबत दारात उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. पण गाडी बुडाली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. तुमची कार कर्जावर असेल, तर पावसाळ्याआधी एवढं नक्की वाचा.

‘तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे ना?’

इथेच अनेकांची गफलत होते. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. पण तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, तर कामी येतो. पूर, दरड, चोरी यांत तुमच्या गाडीचं नुकसान झालं, तर लागतो ‘ओन डॅमेज’ विमा. तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. म्हणून पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा दिसतात.

बँकेची अट काय?

कायद्याला थर्ड पार्टी पुरतो, बँकेला नाही. कर्ज फिटेपर्यंत दोन्ही विमे चालू ठेवावेत, अशी अट कर्जाच्या करारात साधारणपणे असते. कारण गाडी बँकेकडे तारण असते. आरसी आणि पॉलिसी, दोन्हींवर बँकेचं नाव असतं.

भरपाई कोणाला मिळते?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. तेव्हा पैसे आधी बँकेला जातात. समजा, भरपाई 6 लाख मिळाली आणि कर्ज 5 लाख बाकी आहे, तर तुमच्या हाती 1 लाख. कर्ज साडेसहा लाख असेल, तर वरचे 50 हजार तुमच्या खिशातून. ओन डॅमेज संपलेला असेल, तर अख्खं कर्ज तुमच्याच डोक्यावर.

आता काय कराल?

• पॉलिसी उघडा, ओन डॅमेजची शेवटची तारीख बघा.
• ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलंय का, तपासा. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायला गेलात आणि इंजिन बिघडलं, तर साध्या पॉलिसीत त्याचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.
• गाडी बुडाली, तर चावी फिरवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा, मगच टो करा.
• कर्ज फिटलं, तर बँकेची एनओसी घेऊन आरसी आणि पॉलिसीवरून बँकेचं नाव काढून घ्या.

नदीकाठच्या गावात गाडी घेतलेल्या मित्राला हे आजच पाठवा. पाणी चढल्यावर पॉलिसी काढता येत नाही.