काळ्या मातीतले अंगण

घर बांधायचे तर माणूस दहा जणांना विचारतो, मुहूर्त पाहतो, दाराची दिशा पाहतो. अंगणाची पाळी आली की मात्र हाच माणूस रोपवाटिकेत जातो, डोळ्यांत भरतील ती आठ-दहा रोपे उचलतो आणि मोकळी जागा दिसेल तिथे खड्डा घेतो. इतरत्र हे एक वेळ खपून जाईल. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत ते खपत नाही.

आपल्या हैदराबादच्या भुईची गोष्ट निराळी. इथे खाली ग्रॅनाइट, वर तांबूस माती आणि मुरूम. सर येऊन गेली की थोड्याच वेळात पाय कोरडे. आदिलाबाद, जुन्या मंडळींचे एदलाबाद, तिकडे गेले की दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली कापसाची जमीन लागते. पैनगंगेच्या दोन्ही काठांना तीच माती आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. सरहद्दी बदलत गेल्या, माती तीच राहिली. आपल्यापैकी ज्यांची वडिलोपार्जित घरे तिकडे अजून उभी आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आषाढात तीच वहाणांना चिकटून पाऊल जड करते. म्हणून जुने घर ताब्यात आले की पुष्कळांचे पहिले काम ठरलेले असते: सगळ्या अंगणावर सिमेंट आणि फरशी. चिखलाचा कंटाळा मला समजतो. पण फरशीखालची माती काही स्वस्थ बसत नाही. ती फुगते, आकसते, आणि दोन-चार पावसाळ्यांत फरशी कुठे उचलली जाते, कुठे चिरते. भुईत मुरायचे पाणी रस्त्यावर जाते, परसातल्या आडाचा वाटा तुटतो, आणि उन्हाळ्यात तापलेली ती फरशी दिवेलागणीनंतरही ओसरीवर बसू देत नाही. चिखल जातो खरा. पण त्याच्याबरोबर अंगणही जाते.

तेव्हा नवशिक्याला माझे सांगणे असे, की पहिले वर्ष लावू नका, पाहा. पाणी कुठून येते, कुठे जाते आणि ऊन कुठे पडते, एवढेच पाहा.

पाणी आधी. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर २,३०० लिटरांहून अधिक पाणी पागोळ्यांनी खाली येते. या भागात वर्षाला चाळीस इंचांच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हे पाणी जोत्याशी साचू देणे म्हणजे पाया हलवणे. जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्यावा. पुढे पाणी उथळ चरातून परसाच्या सखल कोपऱ्याकडे न्यावे. चराच्या काठाने वाळा लावावा. ज्या मुळ्यांचे पडदे आपल्या घरोघरी उन्हाळ्यात भिजवून सोडले जात, त्याच मुळ्या सरळ खोल जाऊन काठ धरून ठेवतात. जाण्यायेण्याच्या वाटेवर काळी माती थोडी उकरून मुरूम चोपून बसवावा. चिखलाचा प्रश्न एवढ्याने निम्म्याहून अधिक सुटतो.

मग सावली. आदिलाबाद विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली आहे. जूनमध्ये भर दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच गेलेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो, की दहा फुटी भिंतीची दुपारची सावली उत्तरेला नऊ फुटांवर पडते. त्या पट्ट्यात हिवाळी फुले लावून उपयोग नाही. इथला हिवाळाही बोचरा. पारा दहा अंशांच्या खाली उतरणाऱ्या रात्री नवलाच्या नाहीत. तेव्हा केळीसारखे नाजूक झाड भिंतीच्या दक्षिण अंगाला, मोरीच्या पाण्यावर ठेवावे.

उन्हाळ्यात खरा जाच पश्चिमेचा. तिकडे सावलीचे झाड हवे, आणि इथे पुष्कळांची निवड फसते. हा जिल्हा सागाचा म्हणून साग लावावा, तर ऐन उन्हाळ्यात तो उघडा पडतो. पळस आणि बहावा फुलतात देखणे, पण तेव्हा त्यांच्या अंगावर पान नसते म्हटले तरी चालेल. कडुनिंब मात्र चैत्रात नवी पालवी घेऊन उभा राहतो. तो पश्चिमेला लावावा, पण घरापासून झाड वाढून जेवढे उंच होईल तेवढे अंतर राखून. कारण मोठे झाड काळ्या मातीतले पाणी ओढते, माती आकसते आणि भिंतीला तडे जातात. बहावा कोपऱ्यात शोभेला ठेवावा. खिडकीपाशी पारिजातक, तगर, कढीपत्ता अशी लहान चणीची झाडे बरी.

लावणीची वेळ ठरवायला तिथल्या शेतकऱ्यांचा एक शब्द पुरेसा आहे: वाफसा. माती ओली नाही, कोरडीही नाही. मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढोसला तर सुटतो. मातीत हात घालायचा तो तेव्हाच. ओल्या मातीत खणलेल्या खड्ड्याच्या कडा घोटलेल्या मडक्यासारख्या होतात. पाणी आत कोंडते आणि मूळ कुजते. म्हणून खड्डे उन्हाळ्यात घ्यावे, उन्हाने भाजू द्यावे, शेणखत आणि तीच माती घालून पावसाआधी भरून ठेवावे आणि रोप जरा उंचवट्यावर लावावे. पाणी मुरते की नाही याची शंका असेल, तर खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर तिथे मोगऱ्यासाठी वाफा उचलूनच घ्यावा.

हिरवळीचा हट्ट मात्र धरू नये. उन्हाळ्यात तिला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात साऱ्या झाडांची आळी भिजतात. गणपतीपुरत्या दूर्वा वाफ्यात असल्या की झाले; त्याही कोंडून ठेवाव्या, नाहीतर हरळी होऊन सगळे परस व्यापतात.

वर्षभर नुसते पाहत बसणे हल्लीच्या घाईत अवघड वाटेल. पण फरशी घालायला आठवडा पुरतो आणि ती उखडायला दुसरी पिढी लागते. त्या मानाने एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा ओसरीवर बसून अंगण ओळखून घेणे, हा सौदा स्वस्तच म्हणायचा.