गिरगावची पहिली वेलांटी

गिरगावातल्या डीटीपीच्या दुकानात एक निवृत्त टंकलेखिका अर्ज टाइप करत होत्या. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेला हात. ‘गिरगाव’ लिहायला त्यांनी आधी वेलांटी दाबली, मग ग. पडद्यावर ठिपक्यांचा गोल उमटला, वेलांटी त्यालाच चिकटली आणि ग शेजारी मोकळाच राहिला.

“वेलांटी नंतर, काकू,” दुकानातला मुलगा म्हणाला.

“अरे, पण दिसते आधी ना!”

दोघांचंही बरोबर होतं. टाइपरायटरवर अक्षर म्हणजे आकार. कागदावर जे आधी उमटायला हवं, ते आधी दाबायचं. भ, ण, श हवा असेल तर अर्धा आकार उमटवून पुढे काना जोडायचा. लालबागला 1897 साली कुलपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने 1955 साली पहिला देशी टाइपरायटर बनवला. अशा टाइपरायटरांवर मुंबईच्या कचेऱ्यांत कितीतरी हात घडले.

संगणकाच्या लेखी मात्र अक्षर म्हणजे उच्चार. 1986 सालचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, अक्षरं साठवण्याचं 1991 सालचं इस्की मानक आणि पुढे युनिकोड, तिन्हींचा क्रम हाच: आधी ग, मग इकार. अर्धा भ हवा तर पूर्ण भ घ्या आणि त्याचा पाय मोडा. म्हणजे टाइपरायटर अर्ध्यात भर घालून पूर्ण करायचा, संगणक पूर्णाचं अर्धं करतो. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारा मुलगा ‘जी’नंतर ‘आय’ दाबतो. तोही उच्चाराचाच क्रम, त्यामुळे त्याला यात शिकण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही.

काकूंचं तसं नाही. हातात मुरलेलं कौशल्य मेंदू शब्दांत साठवत नाही. बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू ते हालचालींच्या साखळीसारखं सांभाळतात. सराईत टंकलेखकाला कोरा कीबोर्ड देऊन अक्षरं भरायला सांगा, तो अडखळेल. टाइप करायला सांगा, बोटं धावतील. म्हणूनच “नंतर दाबा” हे डोक्याला लगेच पटतं, पण बोट आधीच पुढे गेलेलं असतं. अशा माणसाला ‘कॉम्प्युटर येत नाही’ म्हणतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्याला एक यंत्र इतकं पक्कं येतं की ते दुसऱ्याच्या आड येतं.

आणि उपाय आहे. युनिकोडमध्येच रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्या पद्धतीचा कीबोर्ड निवडता येतो. आधी दाबलेली वेलांटी तो धरून ठेवतो, व्यंजन आलं की साठवताना तिला मागे नेतो. दुकानातल्या मुलाने सेटिंग शोधून ते बदललं. काकूंनी पुन्हा वेलांटी दाबली, मग ग. गोल आला नाही. पुढचा परिच्छेद त्यांनी पडद्याकडे न बघता, शेजारी ठेवलेल्या कागदावर नजर ठेवून उतरवला.