गाठीच्या मुळाशी औषध

कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडले की तिच्या पेशींतला डीएनए तुटतो आणि पेशी मरतात. ‘पेशंटला लाइट दिली’ असे म्हणताना बहुतेकांच्या मनात एवढेच चित्र असते. ते अपुरे आहे. 1979 मध्ये अमेरिकेत हेलन स्टोन, लेस्टर पीटर्स आणि लुका मिलास यांनी उंदरांच्या दोन गटांत एकाच जातीची गाठ वाढवली. एका गटाची प्रतिकारशक्ती शाबूत होती, दुसऱ्या गटातल्या टी-पेशी काढून टाकलेल्या होत्या. निम्म्या गाठी बऱ्या व्हायला पहिल्या गटात 30 ग्रे किरणमात्रा पुरली, दुसऱ्या गटात 64 ग्रेहून अधिक लागली. किरणांच्या नावावर जमा होणाऱ्या यशात टी-पेशींचा वाटा किती मोठा आहे, हे त्या दोन आकड्यांत स्वच्छ दिसत होते. याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या इम्युनोथेरपीबद्दल 2018 चे नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळाले, ते योग्यच झाले. पण किरणोपचार आणि इम्युनोथेरपी यांच्या जोडीचा इतिहास सांगताना हेलन स्टोन यांचे नाव क्वचितच घेतले जाते, याची खंत वाटते.

किरणांनी मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. ती कॅलरेटिक्युलिन नावाचे प्रथिन पृष्ठभागावर आणते, आतला एटीपी बाहेर सांडते, आणि तुटलेल्या डीएनएचे तुकडे पेशीरसात आले की इंटरफेरॉनची हाक उठते. डेंड्रिटिक पेशी हा ऐवज उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे टी-पेशी तयार होतात. त्या रक्तावाटे दूरच्या गाठीपर्यंतही पोचू शकतात. किरण एका जागी दिले असताना दुसऱ्या जागची गाठ ओसरते, या दुर्मीळ घटनेला आर. एच. मोल यांनी 1953 मध्येच नाव दिले होते.

ती दुर्मीळ का, याची कारणे गाठीतच आहेत. किरणांचा मार बसला की गाठ पीडी-एल1 हे प्रथिन वाढवते आणि टी-पेशींना थोपवते. शिवाय गाठीच्या पोटात ऑक्सिजन कमी असतो, आणि ऑक्सिजन नसेल तर किरणांनी झालेली डीएनएची मोडतोड पेशी सहज दुरुस्त करते. मग किरणांबरोबर टी-पेशींवरच्या पीडी-1चा अडसर काढणारे औषध शिरेतून दिले की काम भागायला हवे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ते भागले: केमो-किरणोपचारासोबत पेम्ब्रोलिझुमॅब दिलेल्या स्त्रियांपैकी तीन वर्षांनी 82.6 टक्के हयात होत्या, औषधाविना 74.8 टक्के. डोके आणि मानेच्या कॅन्सरमध्ये मात्र अव्हेलुमॅबची अशीच मोठी चाचणी फसली. मानेतल्या लसिकाग्रंथींवरही किरण पडतात आणि टी-पेशी तयार होण्याची जागाच भाजून निघते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

जैवपदार्थांचे काम इथून सुरू होते. औषध शिरेतून देणे म्हणजे उसाला पाटाने पाणी सोडण्यासारखे आहे: सगळे शेत भिजते, मुळाशी पोचते ते थोडेच. गाठीत टोचलेले जेल तेच औषध ठिबकसारखे मोजून, मुळाशी आणि सावकाश सोडते. ठिबकला जे जमत नाही ते मात्र इथे घडू शकते. एका गाठीत शिकलेल्या टी-पेशी शरीरभर हिंडतात, म्हणून एका जागच्या ठिबकचा लाभ दूरच्या गाठींनाही मिळण्याची आशा असते.

चीनमधल्या सूचो विद्यापीठात झुआंग लिऊ यांच्या गटाने 2018 मध्ये केलेला प्रयोग म्हणूनच आवडतो. समुद्री शेवाळातून मिळणारे सोडियम अल्जिनेट पाण्यात पातळ असते, पण कॅल्शियम भेटताच गोठते. गाठीतल्या द्रवात कॅल्शियम असतेच, त्यामुळे सुईतून गेलेला द्राव आत जाऊन जेल होतो. त्या द्रावात तीन गोष्टी होत्या: किरण देणारे आयोडीन-131, प्रतिकारपेशींना जागे करणारे सीपीजी, आणि कॅटॅलेज हे विकर. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो, तो याच विकराच्या कामाचा. गाठीतही पेरॉक्साइड साठलेले असते. कॅटॅलेज ते फोडून ऑक्सिजन मोकळा करते आणि किरणांची धार वाढते. उंदरांत याला टी-पेशींचा अडसर (चेकपॉइंट) काढणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर दूरच्या गाठीही आवरल्या गेल्या. पण हे उंदरांतले आहे. उंदीर बरे करणाऱ्या कित्येक जेलांची बातमी होते आणि पुढे त्यांचे नावही ऐकू येत नाही.

माणसांपर्यंत सर्वांत पुढे पोचला आहे हाफ्नियम ऑक्साइडचा सूक्ष्मकण. हाफ्नियमचा अणुक्रमांक 72, म्हणून तो क्ष-किरण जोरात शोषून इलेक्ट्रॉन फेकतो आणि बाहेरून तेवढीच मात्रा देऊनही गाठीच्या आत मारा वाढतो. किरणोपचाराआधी एकदाच टोचायचा. स्नायू-चरबीच्या सार्कोमात पूर्ण प्रतिसाद 8 वरून 16 टक्क्यांवर गेला आणि 2019 मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. इम्युनोथेरपीसोबतच्या चाचण्याही सुरू झाल्या. हा धातू आपल्याकडेही निघतो: अणुभट्टीसाठी झिर्कोनियम शुद्ध करताना हाफ्नियम वेगळे काढावेच लागते, आणि भारतात हे काम नांदेडपासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर, हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये चालते.

नांदेड-लातूर भागाला याचे अगत्य वाटावे असे कारण आहे. तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, हे दोन्ही सुईच्या टप्प्यातले आहेत. स्वादुपिंडाच्या गाठीत जेल सोडायला मोठी यंत्रसामग्री लागते, गालातल्या गाठीत सराईत हात पुरतो. तोंडाच्या रुग्णाची जैवपदार्थाशी गाठ तर पहिल्याच दिवशी पडते. गरम पाण्यात प्लास्टिकची जाळीदार शीट बुडवतात, ती पारदर्शक आणि मऊ होते, मग चेहऱ्यावर ओढून दाबतात. काही मिनिटांत तिचा नाकाडोळ्यांचा साचा होतो आणि सहा-सात आठवडे तोच लावून मशीनखाली झोपायचे असते. असे साचे ज्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे करतात, त्याचेच शरीरात विरघळणारे औषधी कण प्रयोगशाळांत बनवतात.

औषधाच्या किमतीचा प्रश्नही याच दिशेने सुटू शकतो. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये पीडी-1 रोखणाऱ्या निवोलुमॅबची फक्त 20 मिलिग्रॅमची मात्रा तीन आठवड्यांतून एकदा दिली. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांना एवढीशी जोड मिळताच वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. त्यात किरणोपचार नव्हता. पण थोडे औषध पुरत असेल, तर ते गाठीतच सोडून आणखी थोडके करता येईल का, हे तपासणे रास्त आहे.

आणि ते इथेच तपासता येईल. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालवली. लातूरला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गावांच्या 52 समूहांतल्या 1,31,746 स्त्रियांची चाचणी याच हॉस्पिटलच्या बळावर झाली. 2009 मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनी एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीची धोरणे जगभर बदलली. एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे सिद्ध करणाऱ्या त्या बायका मराठवाड्यातल्या होत्या.

जिल्ह्याच्या केंद्रात चाचणी घ्यायची तर पदार्थ निवडूनच घ्यावा लागेल. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मे होते, ते मुंबईहून वेळेत यायला हवे, आणि ते टोचलेल्या रुग्णासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याची वेगळी खोली लागते. हाफ्नियम ऑक्साइड स्वतः किरणोत्सारी नाही. चालू असलेले किरणोपचार यंत्र आणि गाठीत नेमकी सुई घालणारा डॉक्टर असला की त्याचे काम होते.