अडवणूक, टॅकल आणि लाल कार्ड

नेरुळ, २०१४ : इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या हंगामात मुंबई सिटीचं घरचं मैदान डी. वाय. पाटील स्टेडियम. १८ ऑक्टोबरला पुणे सिटीवर ५-० विजय, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक. मोठं नाव फ्रेडी लुंगबर्गचं. दुखापतींमुळे तो मोजकेच सामने खेळला.

काळा दिवस : ५ डिसेंबर २००४, बेंगळुरू, फेडरेशन कपची अंतिम लढत. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिली आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पालला धडकला. क्रिस्तियानो मैदानावरच कोसळला, वाचला नाही. डेम्पो २-० ने जिंकला. पालवर दोन महिन्यांची बंदी आली.

टॅकल : निष्काळजी असेल तर फक्त फ्री किक, बेपर्वा असेल तर पिवळं कार्ड. अवाजवी जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं, तर थेट लाल. थुंकणं, चावणं, हाणामारी, शिवीगाळ : यांनाही लालच.

अडवणूक : चेंडू आवाक्यात नसताना वाट रोखणं हा फाउल. स्पर्श झाला तर प्रत्यक्ष फ्री किक, नाही तर अप्रत्यक्ष.

खबरदारी : ‘फिफा ११+’ हा दुखापती टाळण्यासाठीचा सराव. १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं. सामन्यात शिनगार्ड सक्तीचे, तेही मोज्यांखाली पूर्ण झाकलेले.