क्रॉस-कंपायलर म्हणजे काय? आणि त्याची रोज रात्री परीक्षा का घेतात?

तुमच्या फोनमधला गेम बहुतेक वेळा फोनवर तयार झालेला नसतो. डेव्हलपर लॅपटॉपवर कोड लिहितो आणि तो फोनच्या एआरएम प्रोसेसरला समजेल अशा भाषेत बदलला जातो. एका मशीनवर बसून दुसऱ्याच मशीनसाठी प्रोग्राम बनवणाऱ्या अशा कंपायलरला क्रॉस-कंपायलर म्हणतात.

अर्दुइनो उनोला तर याशिवाय पर्यायच नाही. त्यातल्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश आणि फक्त २ केबी रॅम असते. एवढ्याशा जागेत कंपायलर बसणार कुठे? म्हणून काम लॅपटॉपवर होतं. ते करतो जीसीसी, म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला मुक्त कंपायलर. त्याच्या या चिपसाठीच्या रूपाला एव्हीआर-जीसीसी म्हणतात.

कंपायलरच चुकला तर?

आपल्या कोडमध्ये चूक असेल तर ती शोधता येते. पण कोड बरोबर आणि कंपायलरनेच चुकीचं भाषांतर केलं, तर? स्क्रीनवर एरर येत नाही. पंप चुकीच्या वेळी सुरू होतो, मीटर चुकीचा आकडा दाखवतो आणि आपण दोन दिवस वायरी तपासत बसतो. जीसीसीत जगभरातून सतत बदल होत असतात. लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी केलेली सुधारणा छोट्या चिपचं गणित बिघडवू शकते. म्हणून परीक्षा माणसाच्या आठवणीवर न सोडता मशीनकडे दिलेली असते.

ही परीक्षा कशी चालते?

१. स्क्रिप्ट ताजा सोर्स कोड उतरवते.
२. आधी असेंब्लर आणि लिंकर, मग कंपायलर, मग चिपसाठीची सी लायब्ररी असं क्रमाने बिल्ड होतं. इथेच काही अडलं तर रिपोर्ट लगेच लाल.
३. मग हजारो छोटे टेस्ट प्रोग्राम कंपाइल होतात. यातले बरेचसे ऑप्टिमायझेशनच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर पुन्हा पुन्हा, कारण चुका बऱ्याचदा ऑप्टिमायझेशनमध्येच लपतात.
४. हे प्रोग्राम चालवायला खरा बोर्ड लागतोच असं नाही. सिम्युलेटर लॅपटॉपवरच चिपची नक्कल करतो. उत्तर बरोबर आलं तर प्रोग्राम शांतपणे संपतो, चुकलं तर स्वतःच अबॉर्ट होतो.
५. शेवटी आजचा निकाल कालच्या निकालाशी ताडून पाहतात.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची. काही टेस्ट आधीपासूनच फेल असतात आणि ते माहीत असतं. काल पास होती आणि आज फेल झाली, अशी टेस्ट शोधायची असते. तिला रिग्रेशन म्हणतात. मग गिटची बायसेक्ट सोय वापरून मधल्या बदलांचे दर वेळी दोन भाग करत जायचं. १००० बदल असले तरी साधारण १० फेऱ्यांत नेमका दोषी बदल सापडतो.

प्रत्येक फेल म्हणजे बग नाही

लॅपटॉपवर 'इंट' ३२ बिटचा, पण उनोवर १६ बिटचा असतो. म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. उनोवर एक मिनिट थांबण्यासाठी डिलेमध्ये ६० गुणिले १००० लिहिलंत, तर उत्तर ६०००० ऐवजी उणे ५५३६ येतं. डिले ते धन संख्या म्हणून वाचतो आणि तुमचा बोर्ड एका मिनिटाऐवजी जवळपास ४९ दिवस थांबतो! यात कंपायलरचा दोष नाही. म्हणूनच जीसीसीमध्ये अशा टेस्टवर 'इंट३२प्लस' अशी खूण करता येते आणि मग छोट्या चिपवर ती टेस्ट वगळली जाते. ही खूण राहून गेली तर रिपोर्टमध्ये खोटे फेल वाढतात आणि खरा बग त्या गर्दीत हरवतो.

तुम्ही काय कराल?

अर्दुइनो आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज 'ऑल' करून ठेवा. वरच्या डिलेसारखी चूक तिथेच पकडली जाईल. ६० च्या पुढे 'यूएल' जोडलंत की गणितही बरोबर येतं. आणि प्रोजेक्ट नीट चालत असेल तेव्हाच कंपायलरचं व्हर्जन वहीत लिहून ठेवा. पुढे अपडेटनंतर काही बिघडलं, तर 'काल चालत होतं' हे तुम्हालाही पुराव्यासकट सांगता येईल.