७८६ ची नोट : लाखाची की शंभराची?

मेसचं बिल भरताना कुणाच्या हाती ७८६ ची नोट लागली की अख्ख्या विंगमध्ये बातमी! "ठेव राव, लाखात जाते." खरंच जाते का? आपण पडलो इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी गणित करू.

नोटेवर सुरुवातीला आकडा-अक्षरांची मालिका असते आणि पुढे सहा आकडे. म्हणजे एका मालिकेत दहा लाख नोटा. त्यात शेवटी ७८६ असलेल्या हजार. सहा आकड्यांत कुठेही सलग ७८६ आलेल्या मोजल्या तर चार जागा, प्रत्येकी हजार. ७८६७८६ दोनदा मोजली जाते म्हणून एक वजा, उरल्या ३,९९९. अडीचशे नोटांत एक! आता सांगा, लाख कोण देईल? ज्यांची श्रद्धा आहे ते हौसेने जपून ठेवतात, दोन पैसे जास्तही देतात. पण दुर्मिळ म्हणावी अशी ती नाही.

खरी दुर्मिळ मंडळी वेगळी. सगळे आकडे सारखे, १११११११ नव्हे बरं का, सहाच, म्हणजे १११११११ मधला एक काढून १११११ च्या पुढे आणखी एक! अशा नोटा एका मालिकेत फक्त नऊ. १२३४५६ एकच. उलटसुलट सारखा वाचता येणारा नंबर (१२३३२१) ९९९ नोटांवर. आणि मालिकेतली शेवटची, सात आकडी १०००००० ची नोट तर संग्राहकांचा जीव की प्राण. अर्थात मालिका भरपूर असतात, त्यामुळे 'जगात एकमेव' असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

नंबरात चांदणी असलेली नोट म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली. १०, २० आणि ५० च्या नोटांत ही पद्धत २००६ मध्ये आली. २०२३ मध्ये ती नोट खोटी असल्याची अफवा उठली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. चांदणी आहे म्हणून भाव येतोच असं नाही, ती मालिका किती कमी छापली यावर सगळं.

आणि नोटेची तब्येत! एक घडी पडली की किंमत घसरते. इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बंडलं स्टेपल करायला मनाई केली, त्याआधीच्या कोऱ्या नोटांनाही भोकं दिसतात. म्हणून जुनी बिनभोकाची नोट भाव खाते.

भाव बघताना विकणाऱ्याने मागितलेली रक्कम बघू नका, लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा. आणि "तुमच्या नोटेला पाच लाख, फक्त नोंदणी फी भरा" असा फोन आला तर तिथेच ठेवा. विकणारे तुम्ही, पैसे तुम्ही का द्यायचे? रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते, फी किंवा कमिशनही मागत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

बाद झालेल्या ५००-१००० च्या नोटांचा गठ्ठा मात्र ट्रंकेत ठेवू नका. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगल्यास दंड आहे. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी मर्यादा २५ ची.

आपल्या जालन्याकडे नंबरापेक्षा मोठा खजिना घरातच निघू शकतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. निजाम सरकारच्या नोटा १९१८ पासून निघाल्या, आणि हाली रुपया १९५९ पर्यंत चालला. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ असे. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या पोथीत, दस्तांच्या बस्त्यात बघा. सापडलीच तर आधी नंबर नाही, घडी बघा.